कुठं दुखतं तिथं फुली

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. ऑनर्सला असताना मला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, पण ती कशासाठी आहे हे निपाणीतल्या आमच्या गल्लीत कुणालाच उमगलं नाही. काम करणाऱ्याचं शरीर आणि त्याची बैठक, हत्यारं यांचा मेळ बसतो का, ते बघायचं, असं मी सांगायचे. शेजारची म्हातारी म्हणाली, "त्याला शिकायला कशाला पायजे? बसून बसून कंबर दुखती, झालं!" माझा अख्खा प्रबंध बाईनं एका वाक्यात उरकला.

वसतिगृहात तर माझ्या विषयाला हसणाऱ्याच सगळ्या. बोलावं असं तिथं कुणी नव्हतं.

अभ्यासाला मी विडीचा कारखाना निवडला. तिथं माझी आक्का विड्या वळायची. आई गेल्यावर तिनं शाळा सोडली, म्हणून मी शिकले. कॉलेजातल्या सरांनी माणसाच्या पाठीचं चित्र छापलेले कागद दिले होते. काम संपलं की जिथं दुखतं तिथं बाईनं फुली मारायची, एवढंच.

मी शेडात पाऊल टाकलं आणि गप्पा थांबल्या. याच बायकांनी मला मांडीवर खेळवलं होतं. पण माझ्या हातात कागद आणि मागं मालकाचा माणूस उभा. एकजात सगळ्यांनी चित्रं कोरी परत दिली. आक्कानं मांडीवरचं पानं-तंबाखूचं सूप बाजूला केलं, पेन्सिलीला हातही लावला नाही. "काय दुखत न्हाय, बाई."

बाई! मला! तिथंच रडू फुटलं असतं.

लहानपणी रोज संध्याकाळी ती पालथी पडायची आणि मी भिंतीला धरून तिच्या पाठीवर पाय देत चालायचे. कुठं पाय पडला की ती कण्हते, हे माझ्या तळव्यांना ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी कडाकडा भांडले. "खोटं का सांगितलंस?"

"दुखतं म्हटलं तर मालक म्हणणार, जा घरला. आणि तुला तरी परत शेडात घेतील व्हय? मग तुझी स्कॉलरशिप गं?"

"अगं, दुखतं ते कळावं म्हणूनच दिलीय ती!"

"असं कुठं असतंय व्हय," म्हणत ती भाकरी थापायला बसली.

त्या रात्री आक्काच्या कागदावर मी स्वतःच फुली मारायला पेन्सिल टेकवली होती. सांगितलं तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असा सरांचा नियम होता. पण नियमाचं नुसतं निमित्त. शिष्यवृत्ती जाईल ही भीती मलाही होती. मी कागद कोराच जोडला आणि अहवालात लिहिलं, बैठकीबद्दल कामगारांची तक्रार नाही. सरांनी अहवालाचं कौतुक केलं.

पुढच्या वर्षीही शिष्यवृत्ती चालू राहिली. ते सांगायला मी सुट्टीत घरी आले. आक्का उठली. आधी दोन्ही हात टेकले, मग एक गुडघा, मग कशीबशी उभी राहिली आणि तिनं माझ्या हातावर साखर ठेवली.

"माझ्या कागदाचा उपेग झाला न्हवं?"

"लई झाला," मी म्हणाले.