जावयाची शिडी

दिगंबररावाने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, आणि त्यालाच तो मर्दानगी समजायचा. धोंड्याच्या जेवणाला मुरुडला आला, तर सासऱ्यांच्या गच्चीवरची टाकी गळत होती. घरची शिडी आखूड. शेजाऱ्याची मागायला जावयाचा मान आडवा आला. त्याने डुगडुगत्या बाजेवरच शिडी उभी केली. जावयाला बोलायचं कसं, म्हणून सासू-सासरे गप्प.

त्याची बायको राजकन्या, तिने शिडी घट्ट धरली. नवऱ्याची तिला चीड आली. पण कुंकू तिचंच पुसलं जाणार होतं. तो गच्चीवर पोचताच तिने शिडी, बाज दोन्ही ओढून नेल्या.

"अगं, उतरू कसा?"

"शेजारच्या मामांना हाक मारा. त्यांची शिडी लई लांब हाय."

बऱ्याच वेळाने वरून बारीक आवाज आला, "मामा, जरा शिडी देता का?"