उर्वशीच्या गिटारचा पट्टा

बाभुळगावच्या उर्वशीने गिटार हाती घेतली तेव्हा ती तिशीला टेकली होती. त्याआधी भीमजयंतीला गल्लीतल्या गायनपार्टीत ती कोरस धरायची आणि बचतगटाच्या बैठकीत कुणी आग्रह केला तर एखादं गाणं म्हणायची. यवतमाळला एका शिबिरात तिने कुणाचीतरी गिटार मांडीवर घेऊन सहज तारा छेडल्या आणि तिला वाटलं, हे आपल्याला जमेल. मग जुनी गिटार मिळवून, मोबाइलवर पाहत, बोटांना घट्टे पडेपर्यंत ती शिकली.

"पेटी शिकाची असती माय," आई इंदूबाई चुलीजवळून म्हणायची. "बसून तरी वाजवता येते. हे खोकं गळ्यात अडकवून कायले फिरतं?"

पण उर्वशीला फिरायचंच होतं. संघदीप नावाच्या ढोलकीवाल्याने आरोग्याची गाणी म्हणणारं एक कलापथक बांधलं होतं, त्यात ती गेली. पथकाला स्टेज नसे. झाडाखाली, आठवडी बाजारात, शाळेच्या ओसरीवर माणसं जमली की उर्वशी गात गात त्यांच्यातच शिरायची. एखाद्या म्हातारीसमोर उभी राहून तिच्या डोळ्यांत बघत कडवं म्हणायची. म्हातारी आधी लाजायची, पदर तोंडाला लावायची आणि मग हळूच टाळी धरायची.

पाच-सहा वर्षं असं चाललं आणि झरी जामणीकडच्या एका गावात हे सगळं एका क्षणात थांबलं. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरचं गाणं रंगात आलं होतं. उर्वशी गर्रकन वळली आणि गिटारच्या बुडाशी लाकडात बसवलेल्या बटणावरून पट्ट्याचं टोक सुटलं. तिने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. गिटार दगडी पायरीवर आपटली. संघदीपची ढोलकी आणखी दोन थापा वाजून थांबली.

कडेचं लाकूड फुटलं होतं. यवतमाळच्या कारागिराने ते चिकटवून दिलं आणि आवाजही बराचसा पूर्वीसारखा आला. उर्वशी मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. आता ती उजव्या कोपराने गिटार पोटाशी दाबून धरायची. त्यामुळे हात आखडायचा आणि ताल मागे पडायचा. नजर सारखी खाली, बटणावर. लोकांत शिरणं तिने सोडूनच दिलं. सुतळीने पट्टा बांधून पाहिला, तर सुतळी ढिली होते की काय हा नवा घोर लागला.

"ताई, तू खुर्चीवर बसून वाजव ना," संघदीप एकदा म्हणाला. "त्यात काय बिघडते?"

तो चांगल्या मनाने बोलला होता. उर्वशी बसली. त्या दिवशी गाणी सगळी नीट झाली, एक सूर चुकला नाही. पण मागच्या बायका आपसात बोलत राहिल्या आणि गाणं अर्ध्यावर असतानाच काही जणी उठून गेल्या. घरी आल्यावर तिने गिटार भिंतीला टेकवली आणि दोन आठवडे तिला हात लावला नाही.

तिचे वडील नागोराव वीज मंडळात लाइनमन होते. उभी हयात खांबांवर गेलेली. निवृत्त झाल्यावरही रस्त्याने जाताना त्यांची नजर वर तारांकडेच असायची. लेकीचं गप्प राहणं त्यांनी बरेच दिवस पाहिलं आणि एका सकाळी चहाचा कप ठेवून म्हणाले, "आण तं ते गिटार. पाहू दे कुठून सुटते ते."

"दुरुस्त झाली बाबा ते."

"फुटलं होतं ते दुरुस्त झालं. कशानं फुटलं, ते तं तसंच हाय ना!"

अंगणात बाज टाकून दोघं बसले. नागोरावांनी बटण बोटाने हलवलं. ते डुलत होतं. आतला स्क्रू लाकडात नुसता फिरत होता, कारण भोक मोठं झालं होतं. पट्ट्याच्या टोकाचं चामडंही वापरून सैल झालं होतं, बटणावरून अलगद निघून यायचं.

"दोन दुखणी हायेत," ते म्हणाले. "एका औषधानं जाणार नाहीत."

त्यांनी स्क्रू काढला, आगकाड्यांचे गूल तोडून काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवल्या आणि भोकात ठासल्या. वर उरलेलं ब्लेडने कापून टाकलं. दुसऱ्या दिवशी डिंक वाळल्यावर स्क्रू पिळला, तर शेवटचे दोन फेरे द्यायला त्यांना दात आवळावे लागले.

पट्ट्याच्या टोकासाठी त्यांनी तार काढली. "दोन वेढे मारतो. सात जन्म सुटणार नाही."

"नको बाबा. तारेनं लाकूड घासते, चामडंही कापते." उर्वशी उठली. महिन्यामागे मोरीचा नळ गळत होता तेव्हा आणलेली रबरी वायसरं डब्यात पडून होती. तिने एक उचललं, साबणाच्या कोमट पाण्यात मऊ केलं, पट्टा बटणावर चढवला आणि त्याच्यावरून ते वायसर ताणून बसवलं. मग दुसऱ्या टोकालाही तसंच केलं. ओढून पाहिलं. पट्टा जागचा हलला नाही.

नागोरावांनी वाकून पाहिलं. "वा! हे माह्या डोक्यात नसतं आलं."

तरी उर्वशीने गिटार गळ्यात घेताच तिचं कोपर आपोआप पोटाशी गेलं. नागोरावांच्या ते लक्षात आलं. त्यांनी घरातून वाकळ आणून तिच्या पायाशी अंथरली.

"सोड हात. आता उड्या मार."

"बाबा!"

"मार म्हणतो ना. खांबावर चढाच्या आधी आमी खालीच बेल्टावर पुरा भार टाकून पाहो. एकदा खाली भरवसा झाला, की वर गेल्यावर बेल्टाकडं पाहाचं नाही. पाहाचं ते कामाकडं."

चाळिशीकडे झुकलेली उर्वशी भर अंगणात वाकळीवर उड्या मारू लागली. शेजारची पोरंसोरं कुंपणाशी जमली. इंदूबाई दारात येऊन हसायला लागली. उर्वशी वळली, वाकली, गिरकी घेतली. गिटार नुसती झुलत राहिली. दम लागून ती बाजेवर बसली, तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसतही होती.

कापूस वेचणीच्या दिवसांत पथक पुन्हा झरी जामणीकडे, कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, छोट्या वस्तीवर गेलं. बायका वावरात निघण्याआधी सकाळीच कार्यक्रम ठेवला होता. मोहाच्या झाडाखाली नर्सबाई रक्त तपासायचं सामान मांडून बसल्या होत्या, पण टेबलाजवळ कुणी फिरकत नव्हतं. उर्वशी गात गात बायकांत शिरली. सुरुवातीला एकदोनदा नजर खाली गेली, मग गेली नाही.

गाणं संपत आलं तेव्हा पायल नावाची एक तरणी बाई पुढे आली. कडेवरचं लेकरू काही केल्या दुसऱ्या कुणाकडे जाईना, ते गिटारकडेच झेपावत होतं. पायलने एकदा टेबलाकडे पाहिलं आणि उर्वशीला म्हणाली, "बाई, याले धर. मी रक्त देऊन येतो."

उर्वशीने तारांवरचे दोन्ही हात काढले आणि लेकरू घेतलं. आपण काय केलं हे तिला नंतर कळलं. गिटार गळ्यात निवांत लटकली होती. लेकराने वाकून पंजाने तारा ओरबाडल्या, जोरात झणकारा झाला आणि त्याला स्वतःलाच इतका आनंद झाला की ते खिदळायला लागलं. बायका हसल्या. संघदीपने त्या झणकाऱ्याला ढोलकीची थाप जोडली, तशी लेकराने पुन्हा पंजा मारला. या गमतीत पायल बोट दाबत परत आली आणि तिची नणंद टेबलाकडे गेली. तिच्यामागे एक म्हातारी. वावरात निघायची वेळ झाली तरी टेबलाभोवती बायकांचा घोळका होता.

पायलचं रक्त निर्दोष निघालं. नणंदेला मात्र सिकलसेल होता. तिचे सांधे का दुखतात आणि ताप का येतो हे घरच्यांना पहिल्यांदाच समजलं. तिची औषधं सुरू झाली आणि यंदा ती सगळ्यांच्या जोडीने वेचणीला उभी राहते, असं पायलने फोनवर सांगितलं.

तो फोन खरं तर दुसऱ्याच कामाचा होता. उर्वशीने सिकलसेलचं गाणं कोलामीत करायला घेतलं आहे आणि पायल तिचे शब्द दुरुस्त करते. उर्वशी एक ओळ गाते, तिकडून पायल पोट धरून हसते आणि म्हणते, "असं नाही बाई, पुन्हा म्हण." उर्वशी पुन्हा म्हणते.