आप्पांचा नाद

भुईमुगाची शेंग कानाशी धरून हलवायची, डोळे मिटायचे आणि सगळ्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "बोला मॅडम, दोनदाणी का तीनदाणी?"

लातूर-रेणापूर अप-डाऊन करणाऱ्या आम्हा नोकरदारांची सकाळ अशी सुरू व्हायची. मी रेणापूरच्या एका शाळेत शिक्षिका. आप्पा तिथल्याच एका कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि शर्टाच्या खिशात शेंगा. खिशाला कायमचा मातकट डाग पडलेला होता. त्याची त्यांना काडीची फिकीर नव्हती.

पैज शेंगांवरच असायची असं नाही. कंडक्टरकडे आज सुट्टे असतील का, पुढच्या थांब्यावर चढणारी बाई आधी पिशवी आत टाकील का लेकरू, ड्रायव्हर पहिला हॉर्न कुणासाठी वाजवील, म्हशीसाठी का मोटारसायकलसाठी, कशावरही. पैसे मात्र कधीच नाहीत. हरेल त्यानं उभं राहून गाणं म्हणायचं. आमच्यातल्या एका कृषी सहायकाला आयुष्यात एकच आरती पाठ, तीही अर्धी. तो हरला की कंडक्टर हात जोडून उभा राहायचा आणि अर्ध्यावर आरती संपली की प्रसाद मागायचा.

आप्पा स्वतः हरले तर फारच वाईट. त्यांचा आवाज म्हणजे गिरणीचा पट्टा सुटल्यासारखा. म्हणून ते जिंकावेत अशी आम्ही सगळे मनापासून प्रार्थना करायचो.

तुम्ही म्हणाल, हा कसला नाद? चार शेंगांचा खेळ तर आहे. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं. मग एकदा त्यांनीच सांगितलं, शेंगा हे औषध आहे. आजार वेगळाच होता.

आप्पा आधी तिर्रट खेळायचे. कुणाच्या तरी शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीत, सुट्टीच्या दिवशी, पैसे लावून पत्ते. पुढे हातात मोबाईल आला आणि मोबाईलमध्ये पत्ते आले. हे सांगताना त्यांना ना लाज वाटायची, ना ते रडगाणं गायचे. दुसऱ्या कुणाचा किस्सा सांगावा तसं सांगायचे.

"पत्त्याला चार मानसं लागत्यात, मॅडम. एकाला भूक लागती, एकाच्या बायकूचा फोन येतो, एकाला झोप येती. डाव मोडतो. मोबाईलला भूकच न्हाई. त्यो कशाला मोडंल?"

थोरल्या लेकीच्या साखरपुड्यात फोटोसाठी आप्पांची शोधाशोध झाली. आप्पा मंगल कार्यालयाच्या जिन्याखाली, चपलांच्या ढिगाऱ्याशेजारी, मांडीवर मोबाईल घेऊन बसलेले सापडले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना पाहिलं, हाताला धरून वर नेलं, फोटोत नीट उभं केलं. कार्य पार पडल्यावर त्या उदगीरला भावाकडे निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, पुन्हा कधी खेळणार नाही म्हणून गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगा, त्या दिवशी मी येते.

त्यानंतर आप्पांनी मोबाईल विकून बटणाचा साधा फोन घेतला. खेळणं थांबलं. खिशात शेंगा आल्या. पण शपथ काही घेईनात आणि काकू काही येईनात. आप्पा सकाळी स्वतःच्या हातची भाकरी डब्यात घेऊन यायचे. बसमध्ये डबा उघडला की तिचा नकाशा पाहून आमच्या भूगोलाच्या सरांना रोज नवा देश सापडायचा. हसायचो आम्ही, तेही हसायचे. पण डबा बंद करून पिशवीत ठेवताना त्यांचा चेहरा उतरलेला असायचा आणि मला वाईट वाटायचं.

न राहवून मी एकदा म्हणाले, "आप्पा, सोडलंय ना तुम्ही? मग घ्या शपथ आणि आणा काकूंना."

"सोडलंय की."

"मग अडतंय कुठं?"

"तोंडानं लई येळा खोटं बोललो तिच्याशी. लिंगावर हात ठिवून न्हाई बोलणार. आजचा आप्पा मला ठावं हाय, मॅडम. उद्याच्या आप्पाची मला गॅरंटी न्हाई."

मी शिक्षिका पडले. मला सगळ्याचं कारण माहीत असतं. मी म्हटलं, "शेवटी लोभच हो. पैशाचा लोभ माणसाला ओढतो."

आप्पांनी खिशातून शेंग काढली, चिमटीत धरली. "लोभ असता तर जिंकल्यावर उठून घरी आलो असतो. कुणीच येत न्हाई. ही बघा. फोडली न्हाई तवर हिच्यात काय बी असू शकतंय. तेवढ्यापुरता मानूस राजा असतो. ना कचेरी, ना साहेब, ना लेकीच्या लग्नाचा घोर. फोडली की पुन्हा आप्पा. म्हणून मग दुसरी घ्यावी वाटती." मग शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "अन् एकाच पानानं डाव हुकला, तर मग काय इचारूच नका. साफ हरलेला मानूस उठतो, मॅडम. थोडक्यात हरलेला न्हाई उठत."

नंतर मी व्यसनांवर बरीच भाषणं ऐकली. एक मीही दिलं. आप्पांच्या या बोलण्यापुढे ती सगळी फिकीच वाटली.

दिवाळीची सुट्टी संपून बस पुन्हा भरू लागली होती. एका सकाळी आप्पांनी शेंग कानाशी धरली आणि खड्या आवाजात विचारलं, "बोला, लावता का पैज?"

मागच्या बाकावरून बाईचा आवाज आला, "काय लावलंय?"

डोईवर पदर घेतलेल्या त्या बाई लातूरच्या स्टँडवर आमच्याबरोबरच चढल्या होत्या. आम्ही कुणी त्यांना ओळखत नव्हतो. आप्पांनी मात्र मागे न बघताच आवाज ओळखला. शेंग हातातून पडली. काकू उदगीरहून पहाटेच्या गाडीनं न कळवता आल्या होत्या, नवरा खरंच सुधारलाय का ते बघायला. आणि बघितलं तर नवरा भर बसमध्ये पैज लावतोय!

आमचं धाबं दणाणलं. कृषी सहायक तर उभाच राहिला. "काकू, पैसे न्हाईत हो! गाणं हाय, गाणं! हरल त्यानं गाणं म्हणायचं."

काकूंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "ह्यांनी म्हणलंय कधी?"

"लई येळा."

"मग तुम्ही लई सोसलं की, बाबा."

एसटी हसून हसून हलली. काकूंच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. रेणापूरला आम्ही सगळे उतरलो, पण कामाला कुणी जाईना. त्यांनी आप्पांना सगळ्यांसमोर विचारलं, "घेता का शपथ? का मी परत जाऊ?"

आप्पांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. मला वाटलं, आता घेतील आणि सुटतील. पण ते म्हणाले, "आजच्या दिसाची घेतो. जन्माची न्हाई घेत. उद्याची उद्या घेईन."

"रोज घेणार?"

"पूजेला रोज बसतोच की. तवा घेत जाईन."

"मला कसं कळायचं, घेतली का न्हाई ते?"

"त्याला घरी यावं लागंल तुला," आप्पा म्हणाले.

काकू हातातली पिशवी पुढे करून म्हणाल्या, "धरा ही." दुसऱ्या दिवशी आप्पांच्या डब्यातली भाकरी गोल होती. भूगोलाचे सर हळहळले.

आप्पा निवृत्त झाले आणि दोघं उदगीरला राहायला गेले. त्यांच्याशिवाय बसमध्ये कुणी गाईना, आम्ही आपापले मोबाईल बघत जाऊ लागलो. पुढे मी एका लग्नाला उदगीरला गेले, तेव्हा सकाळी मुद्दाम त्यांच्या घरी गेले.

आप्पा आतल्या खोलीत पूजेला बसले होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले. काकू स्वयंपाकघरात लायटर हातात घेऊन उभ्या. गॅसवर चहाचं पातेलं, पण गॅस पेटवलेला नव्हता. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. आतून काहीच ऐकू येईना.

मी कुजबुजले, "कधी शपथ घेतलीच नाही, असं झालं का हो?"

"झालं की. मागं एकदा लई येळ गप बसले. मग म्हणले, आज जमंलसं वाटत न्हाई, तू माझ्याजवळ बस. बसले मी दिवसभर. सैपाक बी केला न्हाई."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाचा? खोटं न्हाई बोलले," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात आतून तो गिरणीच्या पट्ट्याचा आवाज आला, "आजच्या दिसाला न्हाई खेळणार!" काकूंनी गॅस पेटवला आणि पातेल्यात माझ्यासाठी कपभर पाणी वाढवलं.