जयवंताबाईचं ‘होते’

पांढुर्ण्याच्या आमच्या मोहल्ल्यात जयवंताबाईला काहीही जमतं का विचारा, उत्तर एकच, “होते.” डावा हात कोपराखाली जिनिंगच्या मशीनने नेलेला. तरी सावरगावच्या वावरात कापूस वेचणं होते, संत्र्यांच्या पेट्या भरणंही होते. वेचलेला कापूस टाकायची कमरेची ओटी ती दातांनी बांधायची. भाकरीचं पीठ मळताना परात पायांच्या पंजांत धरायची. लोक म्हणायचे, बाईला नाही म्हणताच येत नाही. अहो, नाही म्हणणं तिला परवडत नव्हतं. एकदा “होत नाही” म्हटलं की मजुरीला पुन्हा बोलावतं कोण?

तिचा एकुलता एक मुलगा रवींद्र नागपूरला नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. बाई सांगायची, पोरगा बोलावतो, पण आपल्यालाच तिथं करमत नाही. आम्ही मान डोलवायचो. रवींद्र इकडे फिरकलेला कोणाला आठवत नव्हता, पण तो विषय कोणी काढत नसे.

चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात अपंगांची पेन्शन नव्या योजनेत गेली. जुन्या पेन्शनवाल्यांचीही पुन्हा तपासणी होणार, ती सौंसरला, असा निरोप आला. त्यामागून अफवा आल्या. म्हणे एक हात शाबूत असला तर अर्धाच अपंग धरतात, आणि मजुरी करणाऱ्याचं नाव सरळ कापतात. बाईचा जीव टांगणीला लागला. पेन्शन तुटपुंजीच होती, पण उन्हाळ्यात वावरातलं काम थांबलं की तिची चूल त्यावरच पेटायची.

शेजारचा देवीदास नगरपालिकेत चपराशी. चार साहेब पाहिलेला माणूस, म्हणून त्याने बाईला पढवायला घेतलं. साहेबाने काहीही विचारलं तरी “होत नाही” म्हणायचं, एवढाच धडा. तो विचारायचा, भाकर होते का? बाई पटकन म्हणायची, होते. देवीदास कपाळाला हात लावायचा, आम्ही हसायचो, बाईही हसायची आणि मग एकाएकी उठून निघून जायची. जे जन्मभर करून दाखवलं तेच आता खोटं म्हणायचं, याचा तिला राग येत असावा. मला तर येत होता.

सौंसरला आम्ही मोहल्ल्यातले चार-पाच जण तिच्यासोबत गेलो. डॉक्टर हिंदी बोलणारा होता, पण मराठी त्याला कळत होती. माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. कापूस वेचता येतो का, त्याने विचारलं. बाईने देवीदासकडे पाहिलं आणि म्हणाली, होत नाही. स्वयंपाक? होत नाही. दर उत्तराला तिचा आवाज खाली जात होता. लुगडं नेसणं? तेही होत नाही.

डॉक्टरने मान वर केली. तिच्या चापूनचोपून नेसलेल्या लुगड्याकडे पाहिलं.

“फिर कौन पहनाता है?”

हे उत्तर देवीदासने शिकवलंच नव्हतं. मागे सगळी रांग ऐकत होती.

“कोणी नाही, साहेब,” ती म्हणाली. “म्हणून होते.”

“कोई बेटा-वेटा?”

“कोणी नाही.”

डॉक्टरने पेन खाली ठेवला. तिला स्टुलावर बसवलं आणि भाकर कशी थापते, लुगड्याच्या निऱ्या कशा खोचते, सगळं सावकाश विचारून घेतलं. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही. पेन्शन कायम झाली.

परतीच्या बसमध्ये देवीदास खुशीत होता, जणू त्याच्याच शिकवणीने काम फत्ते झालं होतं. बाई खिडकीकडे तोंड करून रडत होती. काम झालं न मावशी, आता काहाले रडता, असं मी विचारलं. तिने पदराने डोळे पुसले.

“जितं लेकरू हाय न माह्यं,” ती म्हणाली. “अन् मी साऱ्याइच्या देखत कोणी नाही म्हनलं.” मग पुन्हा खिडकीकडे वळत म्हणाली, “अन् ते खोटंबी नोयतं.”