वाकड्या पुलाचा गवंडी

पुलाजवळच्या सलूनवाल्याला सगळे 'विश्वकोश' म्हणायचे आणि तोही ते नाव खुशाल मिरवायचा. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून का येतो, काच पहिल्यांदा कुणी बनवली, कुठल्या गल्लीचं नाव कशावरून पडलं. खुर्चीतल्या माणसाने विचारायचा अवकाश, उत्तर तयार! निम्मं त्याने जुन्या मासिकांत खरोखर वाचलेलं असायचं. उरलेलं? आता गळ्यावर वस्तरा धरलेला माणूसच 'माहीत नाही' म्हणाला, तर गिऱ्हाईक दचकणार नाही का? म्हणून ते दोन शब्द त्या दुकानात वर्ज्य होते. निदान त्याने स्वतःची तशी समजूत घालून घेतली होती.

एका कंटाळवाण्या दुपारी कुणीतरी विचारलं, "या भागाला वाकडा पूल म्हणतात ते ठीक, पण पूल वाकडा झालाच कसा?" विश्वकोशाने साबणाचा फेस करता करता लोणकढी थाप ठेवून दिली. पूल बांधणारा गवंडी अट्टल दारुडा होता. सकाळी दोरी सरळ धरायचा, दुपारी झिंगला की दोरी एकीकडे आणि तो दुसरीकडे! दुकान हसून हसून बेजार झालं. दाद मिळाली म्हणून त्याने ती गोष्ट पुन्हा सांगितली, मग पुन्हा. दर खेपेला गवंड्याची एक बाटली वाढत गेली. पुढे पुढे तर गिऱ्हाइकंच ती त्याला ऐकवू लागली.

यंदा पुलाची डागडुजी निघाली. पाहणीला आलेला इंजिनियर दाढीला बसला, आणि विश्वकोशाने सवयीने गोष्ट सुरू केली. साहेब हसला नाही.

"दारुडा? अहो, नदीच्या तळाशी खडक आहे, तो असा वळत गेलाय. बाकी सगळी वाळू. त्या माणसाने एकेक खांब बरोबर खडकावर उभा केलाय. पूल सरळ बांधला असता तर कधीच वाहून गेला असता. त्याच्या घराण्यातलं कुणी आहे का इथे? चुन्याच्या जुन्या कामाला मला माहीतगार हात हवाय."

होतं ना! पुलापलीकडे राहणारा एक म्हातारा गवंडी त्याचाच पणतू. वर्षानुवर्षं याच खुर्चीत दाढीला बसायचा. विश्वकोशाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण पणजोबाची गोष्ट इतक्या वर्षांनी कुणाला लागतेय, असं तो धरून चालला होता. म्हातारा तर ती गोष्ट ऐकून सगळ्यांबरोबर हसायचा. ते हसणं आता आठवलं आणि विश्वकोशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने साहेबाला मुकाट्याने म्हाताऱ्याचा पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा दाढीला आला.

"काय बाबा, पुलाच्या कामावर जाणार ना?"

"साहेब आले होते. दारातूनच हात जोडले मी त्यांना. बोलूच दिलं नाही."

"का हो?"

"कोणत्या तोंडाने जाऊ? पणजोबाने दारू पिऊन वाकडा करून ठेवला आणि पणतू निघाला दुरुस्त करायला! पोरालाही सांगितलंय, त्या कामात पडायचं नाही. उगाच हसं व्हायचं."

विश्वकोशाने वस्तरा खाली ठेवला. आरशात त्याला स्वतःकडे बघवेना.

"बाबा, ती गोष्ट खोटी आहे. मीच रचली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला." मग त्याने खडकाचं, वाळूचं, सगळं सांगितलं. "तुमचा पणजोबा दारुडा नव्हता, फार हुशार होता. माझं चुकलं. हवं तर दोन थोबाडीत मारा."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने विश्वकोशाचा हात धरला.

"मनाने मोठे आहात तुम्ही. माझ्यासाठी सगळं स्वतःवर घेताय. पण मी काय कुक्कुलं बाळ आहे? आमच्या घरात कुणाला काहीच माहीत नव्हतं, तुम्ही सांगितलंत म्हणून तर कळलं. आणि तुमचं कधी काही चुकलंय?"

विश्वकोश बाकावर बसलेल्यांकडे वळला. "अरे, तुम्ही तरी सांगा यांना! त्या साहेबांना विचारा!"

"साहेब परगावचे, त्यांना इथलं काय ठाऊक?" एक जण म्हणाला. "आणि काका, पूल वाकडा आहे तो आहेच की!"

बाक हसला. म्हातारासुद्धा हसला, नेहमीसारखाच. उरलेली दाढी विश्वकोशाने कशीबशी उरकली. टॉवेलने तोंड पुसून म्हातारा उठला, त्याच्या खांद्यावर थोपटून बाहेर पडला.

म्हाताऱ्याचं घर पुलाच्या पलीकडे, अगदी समोर. पण तो पुलाकडे वळलाच नाही. बाजाराच्या रस्त्याने, लांबच्या नव्या पुलाकडे चालू लागला.

"हे कुठे निघाले?" विश्वकोशाने विचारलं.

"घरी," बाकावरचा म्हणाला. "कित्येक वर्षं तिकडूनच जातात ते. तुम्हाला माहीत नाही?"