मोरेश्वर सर आणि प्रज्ञाचा टेकलेला गुडघा

सर गेले आणि त्या साहेबाला स्टेजवर परत खुर्ची मिळाली.

आज सरांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या नावाने उलव्याच्या ग्राऊंडवर मुलींच्या कबड्डी मॅचेस आहेत. बॅनरवर सरांचा फोटो आहे. प्रमुख पाहुणे म्हणून त्याच साहेबाचा, सरांच्यापेक्षा मोठा.

मॅचच्या आधी राष्ट्रगीत होईल. माझी लेक प्रज्ञा कॅप्टन आहे.

सकाळपासून मला काही सुचत नाहीये. दोनदा भाजी करपली. म्हणून लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

दोन-अडीच वर्षांपूर्वी प्रज्ञाच्या टीममधल्या एका मुलीशी हा साहेब, कबड्डी असोसिएशनचा पदाधिकारी, सिलेक्शनच्या वेळी घाणेरडं वागला. मुलीचं नाव मी लिहिणार नाही, कमेंटमध्ये कोणी विचारू पण नका. ती आधी मोरेश्वर सरांकडे गेली, त्यांच्या कोचकडे. सर तिला घेऊन असोसिएशनमध्ये गेले, तक्रार दिली.

तक्रार दाबली गेली. आणि फायनलला साहेब बक्षीस द्यायला हजर.

राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उभे.

प्रज्ञा रांगेत एक गुडघा टेकून खाली बसली. मान खाली, एक हात मातीवर.

मी समोरच्या खुर्च्यांमध्ये उभी होते. राष्ट्रगीत इतकं लांब मला कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. देशद्रोही. हिला पाकिस्तानात पाठवा. मग कोणीतरी आमचं आडनाव शोधून काढलं, आणि त्यानंतर जे लिहिलं गेलं ते इथे उतरवायला माझा हात धजत नाही.

यूट्यूबवर दोन शहाणे तासभर भांडले. खेळाडूने राष्ट्रगीताच्या वेळी निषेध करावा की करू नये. एक तिच्या बाजूने, एक विरुद्ध. ती का बसली, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

मी तिला कॉलेजला एकटं सोडत नव्हते. बेल वाजली तरी आधी खिडकीतून बघायचे.

मग एक सुटकेचा रस्ता निघाला.

कबड्डीवाल्यांना माहीत आहे, कोर्टात उतरताना खेळाडू वाकून माती कपाळाला लावतो. ओळखीतल्या एका पुढाऱ्याने सुचवलं, सांगून टाका की पोरगी मातीच्या पाया पडत होती, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. व्हिडिओत हात मातीवर आहेच. साप पण मरेल, काठी पण तुटणार नाही.

प्रज्ञाच्या पप्पांना पटलं. मला तर एकदम हायसं वाटलं.

प्रज्ञा म्हणाली, "मातीच्या पाया मी आधीच पडले होते. हे वेगळं होतं."

आम्ही दोघंही तिच्यावर ओरडलो. शेवटी मी सरांना बोलावून घेतलं. तुमचं ऐकेल, म्हटलं.

सर जासईचे. कंटेनर यार्डातली ड्युटी करून मुलींना शिकवायचे, फुकट. राष्ट्रगीताच्या बाबतीत इतके कडक की प्रॅक्टिस चालू असताना बाजूच्या शाळेतून सूर आले, तरी रेड अर्धी सोडून सगळ्यांना सावधान उभं करायचे. प्रज्ञाचं वागणं त्यांना बिलकूल आवडलं नव्हतं. घरात आले ते बसले पण नाहीत, उभ्या उभ्याच तिला झापलं. तो साहेब म्हणजे देश नाही, त्याचा राग राष्ट्रगीतावर कशाला काढतेस, असं बरंच.

मी चहा ठेवता ठेवता मनात म्हटलं, झालं आपलं काम.

मग सर माझ्याकडे वळले.

"ताई, पोरगी चुकली असं माझं मत हाय. पन तिला खोटं बोलायला सांगू नका. आज ही खोटं बोलली, तर उद्या त्या दुसऱ्या पोरीचं पन सगळं खोटंच धरतील."

चहा न घेताच गेले. मला त्यांचा इतका राग आला होता.

पुढच्या आठवड्यात असोसिएशनने प्रज्ञाची चौकशी लावली. तिथेही सगळ्यांना तोच मातीचा खुलासा हवा होता. सरांनी नुसती मान हलवली असती तरी विषय संपला असता.

सर म्हणाले, "ती मातीच्या पाया पडत नव्हती. निषेध करत होती. का, ते तिला इचारा."

तेव्हा कुठे "का" विचारावं लागलं. दबलेली तक्रार वर आली. साहेबाला पदावरून बाजूला केलं. प्रज्ञाला एक सीझन बंदी. आणि सरांचं कोचपद गेलं. त्याबद्दल ते आमच्यापाशी कधी एक शब्द बोलले नाहीत. प्रज्ञाला मात्र भेटले की ऐकवायचे, तरी तू उभंच राहायला पायजे होतंस.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी सरांना अटॅक आला.

साहेबाची चौकशी अजून चालू होती. मुख्य साक्षीदार सरच. ते गेले आणि प्रकरण पुराव्याअभावी मिटलं. त्या मुलीने खेळ सोडला. साहेब परत आला, सरांच्या फोटोला हार घालायला.

आज प्रज्ञा बॅग भरत होती तेव्हा मी तिला हात जोडले. बाळा, उभी राहा. पुढच्या महिन्यात स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीची मुलाखत आहे. एवढ्या वर्षांची मेहनत आहे. एका व्हिडिओत जाईल सगळं.

ती म्हणाली, "अजून ठरलं नाही, आई. मागच्या वेळी सर माझ्या शेजारी सावधान उभे होते. राष्ट्रगीत संपल्यावर लोक धावून आले ना, ते आधी सरांच्या अंगावर आले. आज शेजारी कोणी नाहीये, एवढंच डोक्यात आहे."

आणि गेली.

सर, मला खूप भीती वाटतेय. तिने बसू नये असंच मलाही वाटतं, तुमच्यासारखंच. पण ती बसली तर एकटी नसेल. खेळाडूंच्या रांगेत आईला उभं राहता येत नाही म्हणे. बघू कोण हटवतं.

निघते, सर. विनम्र अभिवादन.