आत्याचं मशीन आणि माझं मौन: नांदेड ते लातूर

नांदेडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला आठवडाभर मौन सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी पुण्याहून महेशदादाचा फोन आला. महेशदादा म्हणजे माझा आतेभाऊ. "आईला लातूरला मशीन दाखवायला तूच ने. शाळेला रजा टाकलीच आहेस ना?"

आत्या अहमदपूरला एकटी राहते. दिवाळीत तिच्या उजव्या कानाला ऐकायचं मशीन बसवलं. महिनाभर छान चाललं, नंतर पुन्हा सगळं ठप्प. फोन वाजला तरी तिला कळेना. दादानं आता शेवटचं ठरवलं होतं: या वेळी जमलं नाही तर घराला कुलूप लावायचं आणि आईला कायमचं पुण्याला आणायचं. आत्याला पुण्याचं नावही नको. मला नाही म्हणायचं होतं, पण तोंड उघडायला बंदी. मी नुसती हुंकारले आणि दादानं तो होकार धरला. तर ही अशी सहल: एकीला बोलायचं नाही, दुसरीला ऐकू येत नाही.

नांदेडहून लोह्यामार्गे अहमदपूरला एसटी भरपूर आहेत, आणि आम्हा बायकांना अर्धं तिकीट. माझ्यासारखी धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर एक सल्ला: तुरीच्या राशी चालू असताना खिडकीपाशी बसू नका. मळणीयंत्रातला भुसा थेट बसमध्ये येतो. मी मास्क लावला, वर ओढणी बांधली, तरी लोह्यापर्यंत शिंकून शिंकून बेजार झाले. कोमट पाण्याची बाटली तेवढी कामाला आली. बोलणं टाळायला शाळेतली पाटी बरोबर घेतली होती, पण खडूच्या भुकटीनंही शिंका येतात हे माझ्यासारख्या मास्तरणीला बसमध्ये बसल्यावर आठवलं.

शेजारच्या मावशींनी विचारलं, "कुठं चाललाव, बाई?" मी पाटीवर लिहिलं. त्या पलीकडच्या बाईला म्हणाल्या, "मुकी हाय बिचारी," आणि माझ्या हातात एक पेरू ठेवला. मुकी नाही हे लिहायचं की पेरू खायचा, ते मला ठरवता येईना. शेवटी खाल्ला. घशाला तो चालतो की नाही कोण जाणे; एक डॉक्टर म्हणतात थंड नको, दुसरे म्हणतात काहीही खा पण आम्लपित्त सांभाळा.

आत्यानं दारातच आम्हा लिंगायतांचा नमस्कार, "शरणार्थ", म्हणून मला जवळ घेतलं आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "घसा बसला व्हय गं? माझ्यावर वरडून वरडून बसला आसंल!"

खोटं नव्हतं ते. तिच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे वर्गातल्या साठ पोरांवर ओरडण्यासारखंच.

सकाळी ती पूजेला बसली. डाव्या तळहातावर इष्टलिंग, समोर भस्माचं तबक. कपाळावर तीन आडवे पट्टे, मग गळा, दंड, दोन्ही कान. पूजा झाल्यावर त्याच तबकातलं मशीन उचलून तिनं कानात घातलं. देवापाशी ठेवलं की चांगलं टिकतं, असं तिचं म्हणणं. मी समोर बसून हे सगळं बघितलं आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही.

नाश्त्याला तिनं भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, भरपूर शेंगदाणे घालून. मग चाकूरवरून लातूर. आत्याला पंचाहत्तरीमुळे तिकीटच नाही, त्याचा तिला फार अभिमान. लातुरात दवाखाना गंजगोलाईपासून जवळच, पण त्या गोल बाजाराला इतके रस्ते फुटतात की आम्ही एकाच भांड्यांच्या दुकानासमोर पुन्हा पुन्हा येत राहिलो. खडूच्या धास्तीनं पाटी पिशवीतच, म्हणून मला विचारता येईना, आणि आत्या विचारायची पण उत्तर तिला ऐकू येत नव्हतं. शेवटी एका भल्या दुकानदारानं आम्हाला दारापर्यंत सोडलं.

तिथल्या तरुण मॅडमनी मशीन उघडलं, भिंगातून बघितलं आणि विचारलं, "आजी, पावडर लावता का हो? माईकची जाळी गच्च भरलीय."

आत्या हसली. ऐकू आलं नाही की ती अशीच हसते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्याच्या कपाळाकडे पाहिलं, आणि लख्ख उजाडलं! पाटी पिशवीत होती. मी तीन बोटं स्वतःच्या कपाळावरून आडवी ओढली, मग कानाला लावली. मॅडम आधी गोंधळल्या, नंतर त्यांनी कपाळावर हात मारला.

ब्रशनं साफसफाई झाली, नळी बदलली, मशीन पुन्हा कानात गेलं. खोलीत शांतता. आणि नेमकी मला शिंक आली.

"अगं, हळू शिंक की!" आत्या दचकून ओरडली. मला रडू आलं. मॅडमनाही कळेना मी का रडते ते.

मग त्यांनी बजावलं: कानाला भस्म नको, मशीन तबकात नको, कोरड्या डबीत ठेवायचं. आत्याचा चेहरा उतरला. परतीच्या बसमध्ये तिनं मशीन चाचपून बघितलं. मग म्हणाली, "दीक्षा झाल्यापासून कानाला भस्म लावायलेय मी. आता सोडू व्हय?" मी पाटी काढली, तर खडूनं शिंकच आली. चाकूर मागे पडल्यावर तीच म्हणाली, "डावा कान देवाचा. उजवा तुमचा. झालं?"

त्या संध्याकाळी दादानं फोनवर मुद्दाम हळू आवाजात विचारलं, "आई, जेवलीस?" तिनं लगेच उत्तर दिलं. पुण्याचा विषय तिथंच संपला.

घरी आल्यावर आठवडा संपला आणि माझा घसा मोकळा झाला. आता मी साध्या आवाजात बोलते, वाफ घेते, आणि आत्याला ऐकू येतं. परवा सकाळी मात्र ती फोन उचलेना. दादा घाबरला, मी घाबरले, पुण्याचा विषय पुन्हा निघाला. तासाभरानं तिचाच फोन आला.

"आत्या, ऐकू आलं नाही का गं?"

"पूजेत होते, मशीन डबीत. तवा मी डाव्या कानात आसते," ती म्हणाली.

दादाला हे कसं समजावायचं, मला अजून कळलेलं नाही. "आई घरीच आहे," एवढंच मी सांगितलं.